उतारवयातील वारी : पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर

ज्ञानोबारायांच्या सोहळ्यात सासवडहून जेजुरीकडे चालत असता आमच्या शेजारून एक आजी चालल्या होत्या. वय अडुसष्टीच्या पुढचे, डोईवर तुळशीवृंदावन, पायात जुनी वहाण. बोलता बोलता मन मोकळे करू लागल्या. यजमान जाऊन सहा वर्षे झालेली. मुलगा चांगला, सून हाताखालची कामे करून करून आता सगळे सांभाळणारी. कोणी टाकून बोलत नाही, दोन वेळचे ताट वेळेवर मिळते. पण घरात कोणी काही विचारीत नाही. बी कोणते पेरायचे, पाहुण्याला काय द्यायचे, नातीचे स्थळ कसे आहे, यातले काही आता त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. आपण आता फक्त बोलावणे यायची वाट पाहावयाची, आणि ते वारीच्या वाटेवरच आले तर बरे, असे त्या हसत हसत म्हणाल्या. हसत म्हणाल्या खऱ्या, पण ते ऐकून आमच्या तोंडचा अभंग थांबला.

त्या वेळी आम्हांस काही उत्तर सुचले नाही. संध्याकाळी जेजुरीस होळकरांच्या तलावाकडे गेलो, तेव्हा सुचले. परत येऊन दिंडीत शोध केला, पण एवढ्या लाखांच्या मेळ्यात त्या माउली काही पुन्हा भेटल्या नाहीत. म्हणून जे त्यांना सांगावयाचे राहिले, ते इथे लिहितो. त्यांना वाचता येते की नाही, ठाऊक नाही. ज्याच्या घरी अशी आजी असेल, त्याने हे वाचून दाखवावे, एवढी विनंती.

अहिल्याबाई होळकर हे नाव ठाऊक नाही असा वारकरी नसेल. पंढरीस चंद्रभागेच्या काठी होळकरांचा वाडा आणि त्यातील श्रीरामाचे मंदिर आपण पाहतो. वेरूळच्या घृष्णेश्वराला गेलेला माणूस तर बाईंच्या घराण्याच्या सेवेखाली उभा राहूनच दर्शन घेतो. बाई शिवभक्त होत्या, मग वैष्णवांच्या मासिकात त्यांचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. आमचा पांडुरंग मस्तकी शिवलिंग धारण करून उभा आहे, अशी आपली श्रद्धा. हरिहरांत भेद पाहणे हे आपल्या संतांना कधी रुचले नाही. तेव्हा ती शंका इथेच सोडू.

बाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात आहे. पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याला २०२४ पासून बाईंचेच नाव आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. सुभेदार मल्हारराव होळकरांनी या लहान मुलीचे तेज हेरले आणि आपल्या खंडेरावासाठी सून म्हणून तिला घरी नेली. मालेराव आणि मुक्ताबाई अशी दोन मुले झाली. हे सारे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, म्हणून आम्ही त्यात फार वेळ घालवीत नाही. आम्हांस आज बोलावयाचे आहे ते पुढच्या आयुष्याविषयी.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले. बाई त्या वेळी अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या काळच्या रूढीप्रमाणे त्या सती जाण्यास निघाल्या. म्हाताऱ्या सासऱ्याने त्यांच्यापुढे पदर पसरला. मुलगा गेला, आता सूनही गेली तर या राज्याचे आणि आपल्या म्हातारपणाचे काय, अशी त्यांची विनवणी होती. बाई थांबल्या. नुसत्या करुणेने त्या थांबल्या असे आम्हांस वाटत नाही. आपल्यावाचून कोणाचे तरी अडणार आहे, हे त्यांना दिसले. माणसाला या जगात धरून ठेवणारी दोरी बहुधा हीच असते.

आणि मल्हाररावांचे थोरपण असे, की त्यांनी सुनेला नुसते थांबविले नाही, तर काम दिले. स्वतः मोहिमांवर असत आणि मागे हिशेब, वसुली, दाणागोटा, तोफा-दारूगोळ्याची तरतूद हे सारे सुनेकडे. पत्रांतून सूचना येत, आणि बाई त्या तडीस नेत. पुढे जो कारभार बाईंनी केला, त्याचे शिक्षण या बारा वर्षांत झाले. घरातल्या कर्त्या माणसांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. दुःखी माणसाचे सांत्वन शब्दांनी थोडे होते, जबाबदारी दिल्याने अधिक होते.

१७६६ साली मल्हारराव गेले. मालेरावांना सुभेदारी मिळाली, पण तेही वर्षाच्या आतच, १७६७ साली वारले. पती गेला, सासू गौतमाबाई आधीच गेल्या होत्या, सासरे गेले, एकुलता मुलगा गेला. बाई एक्केचाळीस वर्षांच्या. त्या काळच्या हिशेबाने ते वय म्हणजे माळ घेऊन कोपऱ्यात बसावयाचे. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचाही विचार तसाच होता. एखादे लहान मूल दत्तक घ्यावे, बाईंनी नेमणूक घेऊन देवधर्म करावा, आणि कारभार आपण पाहावा. वरवर पाहता सल्ला किती आदराचा! देवाचे नाव घ्या म्हणजे झाले. पण त्या आदराच्या आत आता तुमचे काम संपले हेच वाक्य दडलेले होते. बाईंनी ते ओळखले आणि साफ नाकारले.

राघोबादादा फौज घेऊन क्षिप्रेच्या काठापर्यंत आले. बाईंनी शिंदे, भोसले, गायकवाड यांना पत्रे धाडली, आपली फौज उभी केली, आणि दादासाहेबांना निरोप दिला की बायकांशी लढून जिंकलात तर त्यात कीर्ती नाही, आणि हरलात तर तोंड दाखवावयास जागा नाही. दादांनी आपण दुखवट्याला आलो आहो असे सांगून वेळ मारून नेली. दुसरीही एक गोष्ट सांगतात. दादांनी खजिन्याची मागणी केली, तेव्हा बाईंनी कळविले की या खासगीच्या धनावर तुळशीपत्र ठेवून ते धर्माला दिले आहे, आपण ब्राह्मण आहात, संकल्प सोडून दान घेणार असाल तर खुशाल घ्या. तुळशीपत्राचे बळ वारकऱ्याला वेगळे सांगावयास नको. पेशवे माधवरावांनी बाईंचा अधिकार मान्य केला, आणि फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे आले. तुकोजी वयाने बाईंहून थोडे वडीलच, तरी त्यांना मातोश्री म्हणत.

इथून अठ्ठावीस वर्षांचा कारभार सुरू झाला. राजधानी नर्मदेकाठी महेश्वरी. तिथे बाईंनी घाट बांधले आणि विणकर आणून वसविले. महेश्वरी लुगड्याचे नाव आज देशभर आहे, त्याचे मूळ तिथे आहे.

त्यांचा दिवस कसा जाई, हे आम्ही मुद्दाम सविस्तर देतो. जॉन माल्कम नावाचा इंग्रज अधिकारी १८१८ नंतर माळव्याचा कारभार पाहण्यास आला. बाईंना पाहिलेली, त्यांच्या हाताखाली राबलेली माणसे तेव्हा हयात होती. त्यांना विचारून विचारून त्याने माळव्याविषयीच्या आपल्या १८२३ सालच्या ग्रंथात हे लिहून ठेवले. बाई सूर्योदयाच्या तासभर आधी उठत. स्नान, पूजा, मग ठराविक वेळ पुराणश्रवण. त्यानंतर दानधर्म, आणि समोर बसवून ब्राह्मणांना भोजन. मग स्वतःचे साधे शाकाहारी जेवण. पुन्हा थोडे नामस्मरण, थोडी विश्रांती. दोन वाजता दरबार. तो संध्याकाळी सहापर्यंत. त्यानंतर दोन-तीन तास पूजा व फराळ. नऊ वाजता पुन्हा कामकाज, ते अकरापर्यंत. मग झोप.

वाचकहो, हा नेम नीट पाहा. यात देव आणि काम यांच्यात भांडण नाही. पहाटेची पूजा आटोपून बाई कामाला लागत, आणि काम आटोपून पुन्हा पूजेला. दरबारात पडदा नसे. ज्याची तक्रार असेल त्याने समोर यावे, बाईंनी स्वतः ऐकावे. उपास आणि सणवार सोडले तर या क्रमात खंड नसे. अंगावर पांढरे वस्त्र, गळ्यात लहानशी माळ, दुसरा दागिना नाही. उतारवयाला नेम लागतो तो असा. सकाळी उठून आज काय करावयाचे, हा प्रश्न ज्याला पडत नाही, त्याचे म्हातारपण निम्मे हलके होते.

आता वयाचा हिशेब मांडू. काशीविश्वेश्वराचे मंदिर १७८० साली उभे राहिले, तेव्हा बाई पंचावन्न वर्षांच्या. सोमनाथास नवे मंदिर १७८३ साली, वय अठ्ठावन्न. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ साली, वय बासष्ट. द्वारका, जगन्नाथ, केदारनाथ, रामेश्वर अशा चारी दिशांना त्यांचे धर्मकार्य पोचले. दक्षिणेतील दूरदूरच्या देवळांना गंगाजलाच्या कावडी जात. आपल्या राज्याची सीमा कुठे संपते, हे या कामात त्यांनी कधी पाहिले नाही. यात्रेकरू कोणाच्या मुलखातला आहे, हे तहान विचारीत नाही.

देवळांपेक्षाही आम्हांस भावतात त्या लहान गोष्टी. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी रस्त्यावर पाणपोया. थंडीत नोकरचाकरांना आणि गरिबांना गरम वस्त्रे. नांगरणीच्या दिवसांत बाईंची माणसे शेतांवर जाऊन औताचे बैल थांबवून त्यांना पाणी पाजीत. पिकांवरून हाकललेल्या पाखरांसाठी काही शेते विकत घेऊन उभी ठेवलेली असत. काही जणांना हा भोळेपणा वाटला असेल. सर्वांभूती देव पाहणे हे ज्याच्या अंगी मुरले आहे, त्याला तो हिशेब समजतो.

आणि त्या भोळ्या नव्हत्या, याचीही साक्ष आहे. डोंगरातले भिल्ल वाटसरूंना लुटीत. आधी शासन केले, पण मग त्यांच्या पोटाचाही विचार केला. त्यांच्या मुलखातून जाणाऱ्यांकडून ठरलेली लहानशी भिलकवडी घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य केला, आणि बदल्यात वाटेच्या रक्षणाची व चोरीचा माल शोधून देण्याची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. आपल्यासारख्या वाट चालणाऱ्यांना त्या व्यवस्थेचे मोल कळेल.

विधवांच्या धनाविषयी बाई फार जागरूक असत. निपुत्रिक सावकार वारला की त्याची मालमत्ता सरकारजमा करावयाची, हा पुष्कळ ठिकाणचा रिवाज. बाईंच्या राज्यात विधवेला ती राखता येई, दत्तक घेता येई. खरगोणच्या सावकारांच्या विधवा आपले धन बाईंच्या चरणी वाहण्यास आल्या, तेव्हा बाईंनी ते घेतले नाही. तुमच्याच हातांनी ते सत्कार्याला लावा, असे सांगून परत पाठविले. ज्या बाईला जगाने एकदा कोपरा दाखविला होता, तिने दुसऱ्या बायकांना कोपऱ्यात बसू दिले नाही.

कीर्तनाच्या प्रेमाची एक आख्यायिका आपल्यात प्रसिद्ध आहे. संगमनेरचे शाहीर अनंतफंदी यांची लावणी महाराष्ट्रभर गाजत होती. बाईंनी त्यांना सुनावले, की ही वाणी भगवंताच्या गुणगानाला का लावीत नाही? तेव्हापासून फंदी कीर्तनाकडे वळले असे सांगतात. स्वतःच्या गुणगानाची मात्र बाईंना चीड. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून वाचून दाखविला. त्यांनी तो शांतपणे ऐकला, आपण एक पापी दुबळी बाई आहोत असे सांगितले, आणि ग्रंथ नर्मदेत सोडावयास लाविला. कवीची पुढे विचारपूसही केली नाही.

आता जे लिहावयाचे आहे ते जड आहे, पण त्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही.

बाईंना उरलेले एकच नाते म्हणजे लेक मुक्ताबाई. तिचा मुलगा नथ्याबा आजीच्या डोळ्यांदेखत महेश्वरी वारला. वर्षभराने, १७९१ साली, जावई यशवंतराव फणसेही गेले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. बाईंनी आईच्या नात्याने विनविले, राणीपण बाजूला ठेवून पाया पडल्या. लेकीचे उत्तर ऐकणाऱ्यांनी सांगून ठेवले आहे. त्याचा आशय असा, की आई, तू म्हातारी झालीस, तुझे थोडे दिवस उरले. तूही गेलीस म्हणजे माझे असे कोण राहणार?

एकोणतिसाव्या वर्षी सासऱ्याचे ऐकून जी बाई मागे फिरली, तिचे शब्द तिच्या स्वतःच्या लेकीला मागे फिरवू शकले नाहीत. नर्मदेकाठी बाई उभ्या राहिल्या. दोघांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. शेवटच्या क्षणी त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी आक्रोश केला. त्यानंतर स्नान करून त्या वाड्यात गेल्या. तीन दिवस अन्न घेतले नाही, तोंडातून शब्द काढला नाही. या दुष्ट चालीला १८२९ साली कायद्याने बंदी झाली. तिच्यात पुण्य शोधणाऱ्याने त्या आईचे ते तीन दिवस आठवावे.

बाई त्या वेळी सहासष्ट वर्षांच्या होत्या. आमच्या वाटेवरच्या आजींच्याच वयाच्या म्हणा ना. आता त्यांच्यामागे ना पती, ना मुलगा, ना लेक, ना नातू. कोपऱ्यात बसण्याचा हक्क कोणाला असेल तर त्यांना होता. कोणी दोष दिला नसता.

चौथ्या दिवसापासून पुढे काय झाले? बाई सावरल्या. मेलेल्यांच्या स्मरणार्थ छत्री बांधण्याचे काम त्यांनी काढले, आणि पुन्हा कारभार सुरू झाला. तो पुढे सुमारे चार वर्षे चालला. ते दिवसही काही सुखाचे नव्हते. तुकोजींशी हिशेबावरून कुरबुरी होत्या. १७९३ साली लाखेरीस शिंद्यांच्या फौजेपुढे होळकरांच्या फौजेचा पराभव झाला. पैशाची मागणी, घरातले कलह, सगळे ओझे या थकल्या खांद्यांवर. ते त्यांनी शेवटपर्यंत खाली ठेवले नाही. १३ ऑगस्ट १७९५, श्रावण वद्य चतुर्दशी, या दिवशी महेश्वरी त्यांनी देह ठेवला. वय सत्तर.

आम्ही या चरित्राकडे पुन्हा पुन्हा पाहिले, तेव्हा एक गोष्ट उमगली. बाईंची माणसे एकेक करून गेली, पण त्यांचा संसार कमी झाला नाही. तो वाढतच गेला. काशीच्या घाटावर उतरणारा परका यात्रेकरू, औताचा तहानलेला बैल, शेतातले पाखरू, खरगोणची विधवा ही सगळी त्यांच्या घरातली झाली. घर रिकामे झाले की दोन वाटा असतात. एक, रिकाम्या घराकडे पाहत बसणे. दुसरी, घराचे दार उघडून ठेवणे. बाईंनी दुसरी धरली. दुःख त्याने नाहीसे होत नाही, हे आम्ही जाणतो. ते तीन दिवस कोणाला चुकत नाहीत. पण चौथा दिवसही उगवतो.

कोणी म्हणेल, त्या राणी होत्या, त्यांच्यापाशी खजिना होता. आमच्या आजींपाशी काय आहे? खरे आहे. देऊळ बांधणे सगळ्यांना जमणार नाही. पण उन्हाळ्यात दाराशी पाण्याचा रांजण भरून ठेवावयास खजिना लागत नाही. गल्लीतल्या चार पोरांना संध्याकाळी गोळा करून हरिपाठ शिकवावयास लागत नाही. बाळंतिणीजवळ रात्र जागणे, नव्याने विधवा झालेल्या शेजारणीकडे रोज घटकाभर बसणे, दिंडीतल्या नवख्या मुलीला वाट चालण्याची रीत सांगणे, पाठ असलेल्या जात्यावरच्या ओव्या नातीला शिकवून जाणे, याला सुभेदारी कशाला हवी? या गोष्टी तरुणांना येत नाहीत. त्या म्हाताऱ्यांनाच येतात. ज्या आजीला अडुसष्टाव्या वर्षी आळंदीहून पंढरीपर्यंत चालता येते, तिच्या पायांत अजून पुष्कळ बळ आहे. ते बळ वर्षातून एकदाच का वापरावे?

आणि एक शब्द मुलासुनांना. आईला वेळेवर ताट देता, औषध आणता, हे चांगलेच. पण तेवढ्याने भागत नाही. मल्हाररावांनी सुनेच्या हाती काम दिले, तसे तुम्ही आईच्या हाती काहीतरी द्या. बी कोणते पेरावयाचे, एवढे तरी तिला विचारा. तिचे ऐकले नाही तरी चालेल, पण विचारा. ज्या घरात म्हाताऱ्या माणसाला कोणी काही विचारीत नाही, तिथे जेवणाचे ताट असते, पण चव नसते.

२०२५ साली बाईंच्या जन्माला तीनशे वर्षे झाली. सोहळे झाले, पुतळ्यांना हार पडले. ते योग्यच. पण येत्या आषाढीला चंद्रभागेचे स्नान करून होळकर वाड्यावरून जाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि सहासष्टाव्या वर्षी, तीन दिवसांच्या मौनानंतर पुन्हा दरबारात येऊन बसलेल्या त्या पांढऱ्या लुगड्यातल्या बाईची आठवण करा.

सासवडच्या वाटेवरल्या आजी, बोलावणे यावयाचे तेव्हा येईल. ते पांडुरंगाचे काम, त्याच्यावर सोडा. तोवरचा दिवस मात्र तुमचा आहे. पुन्हा वारीत भेट झाली, तर गेल्या वर्षभरात कोणासाठी काय केलेत, हे आम्ही पहिल्यांदा विचारणार आहोत.

रामकृष्णहरि.